वरचे चार दात आणि मशेरी

दात गेले म्हणून कोणी मरत नाही, हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलं की समोरचा बोलायच्या आत मीच ते म्हणून टाकायला लागले. वाक्य खोटं नाही. पण ज्याचे गेले त्याला ते ऐकवू नये, एवढं मला कळलंय.

मी सुनंदा. राहायला भोरला, माहेर वेल्ह्याच्या वाटेवरचं विंझर. वय एकोणपन्नास. माझे मालक कोर्टात शिपाई होते. ते गेल्यावर त्यांच्या जागेवर मला घेतलं. घरी मी आणि मुलगी अश्विनी, ती शिरवळच्या बाजूला एका कंपनीत जाते. माझ्या नोकरीत फाइली उचलणं, टपाल, पाणी असं सगळंच असतं, पण मुख्य काम पुकाऱ्याचं. साहेबांसमोर प्रकरण निघालं की दाराशी जाऊन पक्षकारांची नावं मोठ्यानं घ्यायची. पहिले काही महिने घशातून आवाज निघत नव्हता. नंतर लोक म्हणायला लागले, बाईंचा पुकारा पार रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येतो.

मी बारावी शिकले, पण लिहायची सवय नाही. जसं झालं तसं सांगते. जिथं मी चुकले तिथं झाकणार नाही, कारण झाकल्यामुळंच माझं अर्धं नुकसान झालं.

नाकाखालची सूज

लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. हापशावर पाणी भरताना दांडा हातातून निसटला आणि वर येऊन तोंडावर बसला. ओठ फाटला, रक्त आलं, आठ दिवसांत भरूनही आलं. पुढचा एक दात मात्र हळूहळू काळपट पडला. दुखत नव्हता म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

सत्तावीस वर्षांनी त्याच दाताच्या वर, ओठाच्या आतल्या बाजूला फुगवटी आली. दाबलं की आत गेल्यासारखं वाटायचं आणि तोंडात खारट पाणी यायचं. उष्णता असेल म्हणून मी सब्जा पीत राहिले, लवंगेचं तेल लावत राहिले. नाकाची एक बाजू वर उचलल्यासारखी दिसायला लागली तेव्हा अश्विनीनं ओढून नेलं. भोरमधल्या दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, दोनदा पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे माझ्याकडचं काम नाही. पुण्याला जा. लवकर जा."

"लवकर" हा शब्द घेऊन आम्ही दोघी घरी आलो. त्या दिवशी स्वयंपाक झाला, पण कोणी जेवलं नाही.

पुण्याच्या हॉस्पिटलात जबड्याची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरबाई होत्या. माझ्याच वयाच्या, बोलायला शांत. त्यांनी मोठा फोटो उजेडावर धरला. वरच्या पुढच्या दातांच्या मुळाशी लिंबाएवढा काळा गोल होता.

"इथं हाड असायला हवं," त्या म्हणाल्या.

"मग कुठं गेलं?"

"गाठीनं खाल्लं. बहुतेक पाण्याची गाठ आहे, जुन्या माराची. पण तुकडा तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही." मग त्यांनी कागद पुढं ओढला. "तंबाखू, मशेरी, काही सवय?"

अश्विनी शेजारी बसली होती. तिचे वडील गेले त्या वर्षी मी तिला वचन दिलं होतं की मशेरी सोडली. तेव्हापासून मी लपवून लावत होते. सकाळी मोरीत, ती उठायच्या आधी. कोर्टात दुपारी, बाथरूममध्ये. शिलाई मशीनच्या खणात दोऱ्यांच्या रिळांखाली डबी.

"नाही," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी कागदावर तसं लिहिलं.

बारा दिवस

गाठ काढली, तिच्याबरोबर वरचे पुढचे चार दातही काढावे लागले. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि बारा दिवसांनी या म्हणाले.

त्या बारा दिवसांबद्दल कोणी विचारलं तर मी म्हणते, काही नाही, घरी होते. खरं म्हणजे मी तेव्हा घरातली कागदपत्रं नीट लावत होते. बँकेचं पासबुक, घराचा उतारा, मालकांच्या मृत्यूचा दाखला, माझं सर्व्हिस बुक कुठं असतं त्याची चिठ्ठी. अश्विनी कंपनीत गेली की मी एकेक पिशवीत घालायची, ती यायच्या वेळेला पिशवी कपाटावर ठेवायची. आणि या सगळ्यात मशेरी लावत होते. पुढं टाके होते म्हणून मागच्या दाढांना. कॅन्सर असेल का म्हणून जीव थरथरायचा आणि तो थांबावा म्हणून बोट डबीत जायचं. हे कोणाला समजावून सांगता येत नाही. ज्याला सवय आहे त्यालाच कळेल.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता. अश्विनी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडली. मला रडू आलं नाही. माझी जीभ सारखी पुढच्या खड्ड्यात जात होती. तिथं काहीच नव्हतं, आणि जीभ मागं घेतली तरी ती परत तिथंच जायची.

"आता दात बसवायचे तर आधी हाड पाहिजे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भिंतच नाही तर खुंटी कुठं ठोकणार? दुसरीकडचं हाड आणून इथं लावू. ते धरलं की त्यात स्क्रू, आणि स्क्रूवर दात. वर्ष-दीड वर्ष लागेल. घाई करून चालणार नाही."

धनगर आजोबा

तोपर्यंत काढघालीचे दात दिले होते. पण खाली हाडाचा आधार नसल्यानं ते डुगडुगायचे. बोलताना खाली यायचे, खोकला आला की हातात. चिकटवायची पेस्ट लावून मी कामावर रुजू झाले.

आधी कधी लक्षात आलं नव्हतं की नाव घेताना तोंडात काय काय होतं. त, द, न म्हणायला जीभ वरच्या दातांना टेकते. व आणि फ ला खालचा ओठ टेकतो. दात हलले की अक्षर सुटतं आणि नुसती हवा जाते. कोर्टात येणारी निम्मी नावं दत्तात्रय, धोंडिबा, नथू, विठोबा.

एका सकाळी मी एक नाव पुकारलं. कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पुकारलं. दाराजवळच्या बाकावर दोन मुलं तोंडावर रुमाल धरून हसत होती. पक्षकार गैरहजर म्हणून प्रकरण बाजूला ठेवलं गेलं. जेवणाच्या सुट्टीत त्याच बाकावर बसलेला एक म्हातारा काठी टेकत माझ्याकडं आला. वरच्या वाडीवरचे धनगर आजोबा, पागोट्याला गवताची काडी अडकलेली.

"बाई, माझं नाव कवा घ्येनार? दोदिबा कोन त्येला लई येळ बोलावत हुता तुमी, त्येचं झालं का?"

ते धोंडिबाच होते. माझ्यापासून पाच हातांवर बसून त्यांनी स्वतःचं नाव तीनदा ऐकलं होतं आणि ओळखलं नव्हतं. शेरडं शेजाऱ्याच्या हवाली करून, पहाटे निघून आले होते.

आमचे बेलीफ कदमभाऊ जवळ उभे होते. त्यांनी आत जाऊन साहेबांना सांगितलं, आणि दुपारी प्रकरण परत घेतलं गेलं. आजोबांचं नुकसान झालं नाही. पण मी त्याच दिवशी अर्ज दिला की मला पुकाऱ्याचं काम नको. मला रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. पुकारा कदमभाऊ करायला लागले. त्यांनी मला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही, दुपारी माझ्या टेबलावर पातळ ताक आणून ठेवायचे आणि जायचे. रेकॉर्डच्या खोलीत बोलावं लागत नाही. मी तिथं दिवसचे दिवस गप्प बसले. घरी आल्यावरही बोलेनाशी झाले. अश्विनी विचारायची, मी मान हलवायची.

पहिलं हाड

चार महिन्यांनी खालच्या जबड्याच्या मागच्या बाजूचं हाड काढून वर लावलं. बारीक स्क्रूंनी बसवलं, वरून हिरडी शिवली. सूज इतकी आली की डोळे मिटले. डॉक्टरबाईंनी अश्विनीला एकेक सांगितलं: गरम नाही, चावायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, काढघालीचे दात सहा आठवडे अजिबात नाहीत. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि आजूबाजूला कोणी तंबाखू, मशेरी भाजत असेल तर त्या घरातसुद्धा बसू नका."

नऊ दिवस मी लावली नाही. दहाव्या दिवशी अश्विनी कामावर गेली आणि मी खण उघडला. मागच्या दाढांना लावते, पुढं कुठं लावते, अशी मनाची समजूत घातली. डोळ्यांतून पाणी आलं इतकं बरं वाटलं. मग रोज.

तिसऱ्या आठवड्यात जिभेला पुढं काहीतरी टोकदार लागलं. आरशात बघितलं तर हिरडी उसवली होती आणि आत पांढरं हाड उघडं पडलं होतं. वास येत होता.

डॉक्टरबाईंनी पाहिलं. मग माझ्या दाढांच्या मागं छोटा आरसा फिरवला. "ताई, एक विचारते. मशेरी लावता का?"

"नाही."

"दाढांच्या मागं काळं आहे. ताजं आहे." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "हे हाड गेलं. काढावं लागेल. आता सहा महिने काहीच करता येणार नाही. परत करायचं की नाही हे तुम्ही ठरवा. पण मला खरं सांगितलं नाहीत तर मी पुन्हा हात लावणार नाही."

अश्विनी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. कापूरहोळचा फाटा आला तरी तशीच. घरी आल्यावर तिनं चप्पल काढायच्या आधी शोधायला सुरुवात केली. पिठाचा डबा, देवघर, गादीखाली. शेवटी मशीनचा खण. डबी तिनं फेकली नाही. माझ्यासमोर जमिनीवर ठेवली आणि स्वतः पुढं बसली.

"तू मला सांगितलं असतंस तर मी भांडले असते," ती म्हणाली. "खूप भांडले असते. पण आपण डॉक्टरांना खरं सांगितलं असतं. तुझा जबडा कापला, आई. तो कशासाठी कापला?"

 त्यानंतर जवळजवळ महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. आमटी नीट गाळून द्यायची, औषध हातात द्यायची, आणि आत निघून जायची. आजारपणात घरच्यांचा राग सहन होतो. त्यांची ही मुकी सेवा सहन होत नाही.

विंझर

मला मशेरी आईनं लावली. बारा वर्षांची होते, दाढ ठणकत होती. तिनं बोटावर घेऊन हिरडीला चोळली. दाढ थांबली, मशेरी थांबली नाही. यात आईचा दोष आहे असं मी म्हणत नाही. तिला तिच्या सासूनं लावली होती, आणि आमच्या आळीतल्या कुठल्याच बाईचा दिवस तिच्यावाचून उगवत नव्हता.

सोडायची ठरवल्यावर पहिल्या आठवड्यात मी रजा टाकून विंझरला गेले. वाटलं माहेरी मन रमेल. घरात दादा, वहिनी आणि आई. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं तव्यावर तंबाखू भाजायला टाकली. तो वास आला आणि मला तिथं बसवेना. मी उठून बाहेर भाताच्या खाचरापर्यंत चालत गेले. थोड्या वेळानं आई मागून आली.

"आगं, येवढ्या घाईनं का उठलीस? च्या ठिवलाय."

"वास येतोय, आये. मला हितं र्‍हाता यायचं न्हाई."

 घरी जाऊन तिनं तवा मोरीत टाकला, वर पाणी ओतलं. मी होते तेवढे चार दिवस तिनं घरात मशेरी भाजली नाही. कुठंतरी शेजारी जाऊन लावून येत असणार, मला कळत होतं. मी तिला विचारलं नाही.

सोडताना काय होतं ते लिहून ठेवते, कोणाच्या उपयोगी पडेल. पहिले पाच दिवस पोट साफ होत नाही. डोकं ठणकतं. राग येतो, तो कुत्र्यामांजरावरही निघतो. तीन आठवड्यांनी वाटतं, सुटली. ते खरं नसतं. दोन महिन्यांनी एखाद्या दुपारी, काही कारण नसताना, बोट आपोआप तोंडाकडं जातं. मी तेव्हा बडीशेप घ्यायची. माझ्याकडून एकदा चूक झाली. ती मी त्याच आठवड्यात पुण्याला जाऊन डॉक्टरबाईंना सांगितली. त्यांनी कागदावर लिहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं केलंत सांगितलंत. अजून दोन महिने थांबू."

कमरेचं हाड

दुसऱ्या वेळी हाड कमरेतून काढलं. वॉर्डात आठ खाटा. अपघातात जबडे मोडलेले, तारांनी दात बांधलेले. सकाळी सहाला नर्स पिचकारीनं तोंड धुवायला येते, मग नळीनं दूध, मग मोठे डॉक्टर, मग नळीनं डाळीचं पाणी. पेशंट सगळे गप्प. बोलतात ते भेटायला आलेले. माझ्या शेजारी मार्गासनीची एक सून होती, नवऱ्याच्या गाडीवरून पडलेली. तिचं तोंड बांधलेलं आणि माझं शिवलेलं. आम्ही दोघी तीन दिवस एकमेकींकडं बघून नुसत्या माना हलवायचो. ती घरी जाताना माझ्या उशाशी तिची मऊ उशी ठेवून गेली. मला कमरेमुळं कुशीवर होता येत नाही, हे तिनं बघितलं होतं.

तोंडापेक्षा कंबर जास्त दुखली. दीड महिना लंगडत होते. कोर्टात लोक विचारायचे, दाताचं ऑपरेशन झालं ना, मग पाय कसा गेला?

त्याच काळात अश्विनीसाठी किकवीचं स्थळ आलं. काढघालीचे दात लावायला बंदी होती. वरचा ओठ आत ओढला गेला होता, मी सत्तरीची दिसत होते. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी अश्विनी भांडी लावता लावता म्हणाली, "आई, उद्या मास्क लावून बस. सर्दी झालीय म्हणून सांगू."

"बरं," मी म्हणाले.

बरोबरच होतं तिचं. मलाही तसंच वाटत होतं. तरी ते तिच्या तोंडून ऐकलं आणि मला स्वयंपाकघरातून बाहेर यावंसं वाटेना. पाहुण्यांच्या समोर मी चहाचा ट्रे ठेवला आणि आत येऊन बसले. बाहेर मुलाची आई विचारत होती, "ईनबाई न्हाई का बसायच्या?" आणि दादा काहीतरी सांगत होता. स्थळ जमलं. मला त्यांच्याशी एक शब्द बोलता आला नाही.

लग्नात मात्र हळदीच्या वेळी फोटोवाला सगळ्यांना ओळीत उभं करत होता. मी मास्क लावून कडेला होते. अश्विनी हळदीच्या हातांनी माझ्याकडं आली आणि तिनं स्वतः तो मास्क खाली ओढला. माझ्या गालाला हळद लागली.

"फोटोत तू पाहिजेस," ती म्हणाली. "मास्क नको."

त्या फोटोत माझं तोंड उघडं आहे. मी तो अजून भिंतीवर लावलेला नाही, पण कपाटात वर ठेवलाय, हाताला येईल असा.

अश्विनी किकवीला गेली. त्यानंतर पुण्याच्या सगळ्या फेऱ्या मी एकटीनं केल्या.

धरलं

सहा महिन्यांनी फोटो काढला. पूर्वी जिथं काळं होतं तिथं राखाडी ढग होता. डॉक्टरबाईंनी त्यात दोन स्क्रू बसवले आणि वरून हिरडी मिटवून टाकली. मग पुन्हा पाच महिने. या पाच महिन्यांत मी रोज आरशात हिरडी बघायची, पांढरं काही दिसतंय का म्हणून. कधी भाताचं शीत अडकलेलं असायचं, ते निघेपर्यंत मी चुळा भरत राहायची.

हिरडी उघडली त्या दिवशी डॉक्टरबाईंनी हत्याराच्या दांड्यानं स्क्रूवर हलकं ठोकलं. ठण्ण असा आवाज कवटीत गेला.

"ऐकलंत? हाडानं धरलं," त्या म्हणाल्या. "हाड मेलेलं असतं तर आवाज बद्द आला असता."

सगळ्यांना वाटतं अशा वेळी आनंद होत असेल. मला भीती वाटली. इतके दिवस जाण्यासारखं काही नव्हतं. आता पुन्हा होतं.

महिन्याभरात चार दात बसले. चांगले आहेत. इतरांना कळत नाहीत. मी अश्विनीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "आई, तू स्पष्ट बोलतेयस." कोर्टात मी पुन्हा पुकाऱ्याला लागले. कदमभाऊ न सांगता बाजूला झाले. आवाज पूर्वीइतका लांब जात नाही, पण नावं ओळखू येतात. ऑपरेशन यशस्वी झालं, असंच कागदावर लिहिलंय आणि ते खरं आहे. पेरू चावून खाता येत नाही, भाकरी तोडून खावी लागते, एवढंच.

आई

दात बसल्यावर पहिल्या रविवारी मी विंझरला गेले, आईला दाखवायला. ती पडवीत तांदूळ निवडत होती. तिनं माझी हनुवटी धरून उजेडाकडं फिरवली आणि बोटानं एकेक दात चाचपला, दादाच्या म्हशीचे चाचपावेत तसा.

"पक्कं हाईत," ती म्हणाली, आणि हसली.

हसताना तिचा डावा गाल हलला नाही. मी म्हटलं, तोंड उघड. ती नको नको म्हणाली. मी जबरदस्तीनं ओठ बाजूला केला. गालाच्या आत रुपयाएवढी जखम होती, कडा कडक झालेल्या.

"कवापास्नं हाय हे?"

"झालं आसंल वरीस."

"वरीस? आणि सांगितलं न्हाईस?"

आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तुझंच चाललं व्हतं की गं. पोरीचं लगीन निघालेलं. दोघी येकदम आजारी पडल्यावर कुनी बघायचं?"

दादा आणि वहिनीलाही तिनं कळू दिलं नव्हतं. तिखट सोसत नाही म्हणून सांगायची आणि दुधात कालवून खायची.

दोन दिवसांनी त्याच हॉस्पिटलात, त्याच खुर्चीवर मी आईला बसवलं. तुकडा काढला. या वेळी रिपोर्ट माझ्यासारखा आला नाही. आईच्या गालाचा आणि खालच्या जबड्याचा काही भाग काढावा लागला. आता ती माझ्याकडं भोरला असते, आणि आठवड्याचे पाच दिवस मी रजा टाकून तिला रेडिएशनचा शेक द्यायला पुण्याला नेते. तिच्या तोंडात भाताची पेजसुद्धा झोंबते. मी ती गार करून, गाळून, चमच्यानं देते. ती गिळते आणि डोळे पुसते.

हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं थोडंच आहे. हाड लावायची वेळ आली तर घाबरू नका, ते धरतं, वेळ लागतो. डॉक्टरांनी सवय विचारली तर शेजारी कोणीही बसलेलं असो, खरं सांगा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईचं तोंड उजेडात नेऊन एकदा बघा. तोंडातलं जे दोन-तीन आठवड्यांत भरत नाही ते दाखवायचं असतं. मी तीन वर्षं स्वतःच्या तोंडात बघत होते. तिच्याकडं बघायचं मला सुचलं नाही.

परवा आम्ही स्वारगेटला भोरच्या एसटीची वाट बघत बाकावर बसलो होतो. आईनं पदरानं गाल झाकला होता. बराच वेळ ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिचं बोलणं आता पुसट येतं, म्हणून मी कान जवळ नेला.

"माझं ह्ये समदं उरकलं," ती म्हणाली, "की मलाबी तुझ्यावानी नवं दात बसवत्याल का गं?"

डॉक्टरबाईंनी तसं काही सांगितलेलं नाही. त्यांनी जे सांगितलंय ते मी अजून दादालाही सांगू शकलेले नाही.

"व्हय," मी म्हणाले. "बसवत्याल की."

"मग बरं हाय," आई म्हणाली, आणि एसटी आली का ते बघायला पुढं वाकली.